पाड्यावरची ताई आणि एक फोन

एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातलं पदव्युत्तर शिक्षण, संपत आलेली मुलंमुली विचारतात, ‘ताई, बाल संरक्षणात काम करायचंय, सुरुवात कुठून करू?’ मी सांगते, आधी जुलै महिन्यात एकदा पेठ नाहीतर सुरगाण्याच्या बाजूला जाऊन या. एसटीने फाट्यावर उतरा आणि पुढे पायी चाला. नाशिक म्हटलं की सगळ्यांना द्राक्षं आणि गोदाघाट आठवतो. याच जिल्ह्यात पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, इगतपुरीच्या डोंगरात असे पाडे आहेत की नदीला पाणी आलं की त्यांचं बेट होतं. इकडचं माणूस तिकडे जात नाही, तिकडचं इकडे येत नाही. मोबाइलला रेंज मिळते ती टेकडीवरच. अशा ठिकाणी लेकराच्या बाबतीत काही वावगं घडत असेल, तर बाहेरच्यांपैकी कोणालाही कळायच्या आधी ते अंगणवाडी सेविकेला कळतं. तिला तयार करणं हे माझं काम आहे.

पहिल्या वर्षी मी कायदा शिकवायला गेले होते. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा पोक्सो 2012, बाल न्याय अधिनियम 2015, बालविवाह प्रतिबंध अधिनियम 2006, सगळं पाठ. बायका शांतपणे ऐकत होत्या. जेवणाच्या सुट्टीत एक सेविका ताटली घेऊन जवळ येऊन बसली आणि हळूच म्हणाली, ‘मॅडम, मी फोन केला तर माझं नाव कळंल का? तो माणूस आमच्या भावकीतलाच आहे.’ तिच्या या एका प्रश्नाला माझ्या अख्ख्या सत्रात उत्तर नव्हतं. मुलावरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती असून ती दडवली तर पोक्सोखाली सहा महिन्यांपर्यंत शिक्षा होऊ शकते, हे मी तिला सांगितलं होतं. सद्भावनेने माहिती देणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही, हेही त्याच कायद्यात आहे. ते सांगायचं राहून गेलं होतं.

त्यानंतरची चूक याहून मोठी होती. दुसऱ्या एका पाड्यावरच्या सेविकेने एका मुलीबद्दल कळवलं आणि मी दुसऱ्याच दिवशी पाटी लावलेली जीप घेऊन थेट त्या घरासमोर उतरले. तासाभरात पाड्याला कळलं की बातमी कुठून गेली. मुलीला मदत मिळाली. पण पुढचे तीन महिने त्या सेविकेशी कोणी धड बोललं नाही. पाणवठ्यावर ती आली की बायका हंडे उचलून निघून जायच्या. अंगणवाडीतली निम्मी मुलं येईनाशी झाली. मला हे कळलं तेव्हा भाताची कापणी सुरू झाली होती. मी तिच्या घरी गेले, ओट्यावर बसले आणि माफी मागितली. ती म्हणाली, ‘फोन मी परत पण करीन. पण तुम्ही असं येऊ नका.’

आज माझ्या प्रशिक्षणाची सुरुवात तिच्या या वाक्याने होते. कायदा दुपारनंतर येतो. सकाळी आम्ही फक्त एवढंच ठरवतो की माहिती कोणाकडून, कधी आणि कशी बाहेर जाईल. 1098 या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर नाव न सांगताही माहिती देता येते. आपण पाड्यावर कधी जायचं, तर लसीकरणाचा दिवस बघून, म्हणजे चार गाड्या तशाही आलेल्या असतात. पोक्सोमध्ये मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला योग्य वाटेल त्या ठिकाणी, पोलिसांनी गणवेश न घालता घ्यायचा, अशी तरतूद आहे. पाड्यावर साध्या कपड्यातली पोलीस बाईसुद्धा लपत नाही. म्हणून ‘त्याला योग्य वाटेल ते ठिकाण’ हे शब्द मी तीनदा वाचून दाखवते. मावशीचं गाव चालतं, आरोग्य केंद्रातली खोली चालते. मूल कोकणा या इथल्या आदिवासी बोलीत बोलत असेल तर दुभाषी मागता येतो, हेही आवर्जून सांगते, कारण बोलीतला शब्द प्रमाण मराठीत लिहिताना अर्थ बदलतो आणि न्यायालयात त्याचाच मुद्दा होतो.

मग फोनचा सराव. अर्ध्या मिनिटात काय सांगायचं? पाडा, ग्रामपंचायत, तालुका, जवळचा फाटा, आणि मूल या घडीला सुरक्षित आहे की नाही. एकाच नावाचे पाडे दोन-तीन तालुक्यांत असतात. तालुका सांगितला नाही तर मदत भलतीकडेच जाते. मुलाला पुन्हा पुन्हा विचारायचं नाही, ‘तू का गेलीस’ तर कधीच नाही. ते जे बोललं ते त्याच्याच शब्दांत लिहून ठेवायचं. ‘मी कोणालाच सांगणार नाही’ असा शब्द द्यायचा नाही, कारण तो पाळता येत नाही. निवारा, आधार नसलेलं मूल प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांत बाल कल्याण समितीपुढे, म्हणजे अशा मुलांबद्दल निर्णय घेणाऱ्या जिल्ह्यातल्या समितीपुढे, न्यायचं असतं. दुर्गम भागासाठी हे ‘प्रवासाचा वेळ सोडून’ फार मोलाचं आहे. नदी उतरली नाही म्हणून कोणी घाबरून जाऊ नये.

अंगणवाडीच्या नोंदवहीबद्दल थोडं सविस्तर सांगते. 2022 मध्ये इगतपुरी तालुक्यातल्या कातकरी वस्तीवरची मुलं मेंढ्या राखायला वेठबिगारीवर दिल्याचं उघड झालं, त्यातल्या एका लहान मुलीच्या मृत्यूनंतर. ते वाचल्यावर मी जुन्या नोंदवह्या उघडून बसले. बऱ्याच नावांपुढे एकच शब्द होता, ‘स्थलांतरित’. आता आम्ही पेन्सिलने एक जास्तीचा रकाना आखायला लावतो: मूल कोणाबरोबर गेलं? द्राक्षाच्या छाटणीला दिंडोरी-निफाडकडे अख्खं कुटुंब गेलं असेल तर ती एक गोष्ट. आईबाप घरी आणि नऊ वर्षांचा पोरगा ‘मामाकडं’ गेलाय, तोही तीन महिने, तर सेविकेने मामाचं गाव विचारायचं. एवढंच विचारायचं, सहज, चुलीपाशी बसून. गाव सांगता आलं नाही की समजायचं, इथे लक्ष घालायला हवं.

ग्राम बाल संरक्षण समितीकडून नवीन माणसं फार अपेक्षा ठेवतात. सरपंच अध्यक्ष आणि सेविका सचिव, हे कागदावर बरोबर आहे. पण गट ग्रामपंचायतीत सात पाडे असले की समिती मोठ्या गावात बसते आणि लांबचा पाडा तसाच राहतो. प्रत्येक पाड्यावर एक बाई शोधा. आरोग्याचं काम करणारी आशा चालेल, बचतगटातली चालेल. बालविवाहाच्या बाबतीत ग्रामसेवक (आता पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी) हा प्रतिबंध अधिकारी असतो. त्याचा नंबर त्या बाईकडे हवा, आणि तोही आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या लग्नांच्या, आधी.

प्रशिक्षण आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत ठेवू नका, कोणी येणार नाही आणि यायला सांगणंही बरं नाही. छाटणी सुरू झाली की पाडेच रिकामे होतात. पोळ्याच्या आसपास थोडी उसंत मिळते. सोबत कापडावरची चित्रं घ्या, प्रोजेक्टर नको.

नोकरीचं म्हणाल तर जिल्हा बाल संरक्षण कक्षातली क्षेत्र कार्यकर्ता, समुपदेशक, संरक्षण अधिकारी ही पदं बहुतेक कंत्राटी असतात. घरी आधीच स्पष्ट सांगून या. समुपदेशनाचा पाया पक्का हवा. बोली कानावर पडू द्या, वर्षभरात समजायला लागते.

जिची मी माफी मागितली, ती सेविका आता माझ्याबरोबर सत्र घेते. सकाळचा भाग पूर्ण तिचा. उभी राहते आणि पाणवठ्यावरचे ते तीन महिने सांगते, काहीही न लपवता. मग विचारते, ‘आता सांगा, तुमच्यातली कोण फोन करील?’ खोलीत बराच वेळ कोणी बोलत नाही. मी मागे बसून राहते, मधे बोलत नाही. हात वर व्हायला लागतात ते शेवटच्या रांगेतून.