वीज वाचवणारं यंत्र घेताय? या चुका टाळा

‘किती टक्के वीज वाचेल?’ इथूनच चौकशी सुरू होते आणि तिथेच फसते. टक्के कशाच्या तुलनेत, यंत्र दिवसाला किती तास चालणार, आणि वाचलेलं युनिट कुठल्या दराचं, हे आधी ठरवा. महावितरणचा घरगुती दर 100, 300 आणि 500 युनिटला चढतो. एकूण बिल भागिले युनिट असा सरासरी दर काढू नका, कारण त्यात स्थिर आकार मिसळलेला असतो आणि तो पंखा बदलून कमी होत नाही. वाचणारं युनिट वरच्या टप्प्यातलं असतं. त्या टप्प्याचा वीज आकार, वहन आकार आणि त्यावरचं 16 टक्के वीज शुल्क धरा.

प्लगमध्ये खोचायची ‘पॉवर सेव्हर’ डबी घेऊ नका. आत एक कपॅसिटर आणि एक दिवा असतो. तो पॉवर फॅक्टर (घेतलेल्या विजेतली किती खरी कामाला लागते, ते गुणोत्तर) सुधारतो, पण घरगुती बिल किलोवॉट-तासावर, म्हणजे युनिटवर येतं, त्यात त्याने काहीच हलत नाही. केव्हीएएचवर (पॉवर फॅक्टरचाही हिशेब धरणाऱ्या एककावर) बिल येणाऱ्या उच्चदाब ग्राहकाची गोष्ट वेगळी, पण त्याने नीट मोजून कपॅसिटर पॅनेल बसवावं.

न मोजता तुलना

बीएलडीसी (ब्रश नसलेल्या डीसी मोटरचा) पंखा फुल स्पीडला 28 ते 35 वॉट घेतो, जुना 75च्या आसपास. पण खोक्यावर वाचून समाधान मानू नका. मीटरवर ‘3200 इम्प/केडब्ल्यूएच’ असं काहीतरी लिहिलेलं असतं, म्हणजे एका युनिटला दिवा 3200 वेळा लुकलुकतो. घरातलं सगळं बंद करा, फ्रिज आणि चार्जिंगला लागलेला इन्व्हर्टरसुद्धा. एकच पंखा चालू ठेवून 10 लुकलुकी मोजा. 150 सेकंद लागले तर पंखा 75 वॉटचा, 375 लागले तर 30 वॉटचा. फोनचं स्टॉपवॉच पुरतं. तरी सात मिनिटं थांबायला कुणी तयार नसतं आणि पुढे दोन वर्षं ‘बिल काही कमी झालं नाही’ असं ऐकवतात.

45 वॉटचा फरक, रोज 12 तास, वर्षाचे 300 दिवस: 162 युनिट. बैठकीच्या खोलीत हे परवडतं. पाहुण्यांच्या खोलीत नाही. आणि हो, बीएलडीसी पंख्याच्या वाटेतला जुना रेग्युलेटर काढून थेट स्विच द्या. तो ठेवला तर पंख्यातलं सर्किट जाऊ शकतं.

एसीचंही तसंच. लेबलवरचे वार्षिक युनिट 1600 तासांचे असतात. 3 आणि 5 स्टारमध्ये 250 युनिटचा फरक दिसला, पण तुम्ही एप्रिल-मेमध्ये रात्री सहा तासच लावता, म्हणजे 360 तास. मग वाचणार 56 युनिट. एवढ्यासाठी आठ-दहा हजार जास्त मोजायचे का, ते तुम्हीच ठरवा.

कारखान्यात नवा व्हीएफडी (गरजेप्रमाणे वेग बदलणारा) कॉम्प्रेसर आणण्याआधी रविवारी यंत्रं बंद आणि फक्त जुना कॉम्प्रेसर चालू असताना हवेची गळती शोधा. 7 बार दाबाला 3 मिलिमीटरच्या एका भोकातून जाणारी हवा भरून काढायला साधारण चार किलोवॉट खर्च होतात. साबणाचं पाणी दहा रुपयांचं.

सौर पंपाचं हेड

सर्वात महाग चूक शेतात होते. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत अडीच एकरांपर्यंत 3 एचपी, पाच एकरांपर्यंत 5 आणि त्यावर 7.5 एचपी मिळतो. सगळ्यांचं लक्ष एचपीवर. हेड, म्हणजे पंपाने पाणी एकूण किती मीटर चढवायचं (घर्षण आणि दाबही मीटरमध्ये धरून), ते किती टाकायचं, हे अंदाजाने.

एक नेहमीचा नमुना घ्या. भाद्रपदात विहिरीचं पाणी 12 मीटरवर, म्हणून 5 एचपीला 30 मीटर हेड भरलं. पावसाळ्यात पाणी धो धो. चैत्रात तक्रार: ‘पंप फक्त बारा ते दोन पाणी देतो, पॅनल निकृष्ट आहेत.’ पॅनल पुसून झाले, कंट्रोलर बदलून झाला. दोष हिशेबात होता. उन्हाळ्यात पाणी 22 मीटरवर गेलं. शेत विहिरीच्या काठापासून 4 मीटर उंच. 250 मीटर 63 मिमी पाइपमधून सेकंदाला 3 लिटर नेताना घर्षण साधारण 6 मीटर. शिवाय ठिबकला फिल्टरसह 2 किलो दाब, म्हणजे 20 मीटर. बेरीज 52.

दुपारीच पाणी का, तेही बघा. पंपाचं हेड फेऱ्यांच्या वर्गाने घटतं. ऊन कमी झालं, फेरे 80 टक्क्यांवर आले, की हेड 64 टक्क्यांवर येतं. मोटर फिरते, पाणी मात्र चढत नाही. उलटी घाई करून 100 मीटरचा पंपही मागू नका. तेवढ्याच पॅनलवर तो 30 मीटरवाल्याच्या सुमारे एक तृतीयांश पाणी देईल.

मापं मे महिन्यात घ्या. दोरीला दगड बांधून पाण्याची पातळी मोजा, आणि तीही पंप तासभर चालल्यानंतर, कारण उपसा सुरू असताना पातळी आणखी खाली जाते. पाइपात काटकसर नको: 63 ऐवजी 50 मिमी टाकला तर त्याच प्रवाहाला 6 मीटरचे 18 होतात. जुन्या पंपाचा फूटव्हॉल्व्ह (विहिरीतल्या पाइपाच्या तळाची झडप) अनेकदा घाणीने चोंदलेला असतो; नवा पंप घेण्याआधी तो काढून बघा, ‘पंप गेला’च्या बऱ्याच तक्रारी तिथेच मिटतात.

साडेसात एचपीपर्यंत कृषिपंपाचं वीजबिल बळीराजा योजनेत माफ असताना ‘5 स्टार पंप दोन वर्षांत पैसे फेडतो’ हा हिशेब शेतकऱ्याला लागू पडत नाही. त्याचा फायदा रुपयांत नाही, मिळालेल्या तासांत किती रान भिजलं त्यात आहे. तो ड्रमने मोजा: शेताच्या टोकाला, पाइपाच्या तोंडाशी 200 लिटरचा ड्रम, हातात घड्याळ. सेकंदाला 3 लिटर म्हणजे 67 सेकंदांत भरला पाहिजे. मोकळ्या पाइपावर ठिबकचा दाब नसतो, म्हणून कॉक आवळून दाबमापकावर 2 किलो दाखवेपर्यंत थांबा आणि मगच वेळ लावा. हे सकाळी दहाला एकदा आणि दुपारी चारला एकदा करा, आणि आकडे लिहिल्याशिवाय पंप बसवणाऱ्याच्या कागदावर सही करू नका.