नगर परिषदेचं अंदाजपत्रक: आधी जमेची बाजू वाचा

इंदूरला बीकॉम केलं आणि जवळच्याच एका नगर परिषदेत लेखा शाखेत लागलो. घरी मराठी, दप्तर सगळं हिंदीत. 'मद' म्हणजे आपलं लेखाशीर्ष (जमा-खर्चाची एकेक बाब), हे अंगवळणी पडायलाच दोन महिने गेले. नव्याने येणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं एकच: अंदाजपत्रक जमेच्या, म्हणजे येणाऱ्या पैशाच्या, बाजूने वाचायला शिका.

पहिल्या वर्षी जलकराच्या जमेत मी थकबाकीसकट पूर्ण मागणी, म्हणजे लोकांकडून येणं असलेली सगळी रक्कम, धरली. आकडा भरघोस दिसला आणि त्यावर नाल्यांची कामं बसली. दिवाळीपर्यंत निम्मीही वसुली नव्हती. कचरागाड्यांच्या डिझेलचं बिल टेबलावर पडून होतं. आमच्या वरिष्ठ लेखापालांनी वसुलीचं रजिस्टर माझ्यापुढे उघडलं. एकाच घराची बाकी पाच वर्षं जशीच्या तशी पुढे ओढलेली. "ही तू कोणाच्या भरवशावर जमेला धरलीस?" एवढंच त्यांनी विचारलं.

तेव्हापासून मी आधी मागच्या तीन वर्षांची प्रत्यक्ष वसुली महिन्यागणिक मांडतो. मार्चमध्ये ती चढतेच, आणि लोक अदालतीत अधिभाराची (थकबाकीवरच्या जादा आकाराची) सूट मिळते म्हणून लोक त्या तारखेपर्यंत थांबतात. मूळ अंदाज, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष हे तीन रकाने शेजारी ठेवले की कुठे फुगवलंय ते लगेच दिसतं.

दुसरी गोष्ट बांधील पैशाची. 15 व्या वित्त आयोगाने 2021 ते 2026 साठी दहा लाखांखालच्या लोकसंख्येच्या शहरांच्या अनुदानातला 60 टक्के हिस्सा पाणी आणि स्वच्छतेलाच बांधून दिला. बाकीच्या 40 टक्क्यांतूनही पगार देण्याची मुभा ठेवली नाही. पगाराला आधार असतो तो स्वतःच्या करांचा आणि चुंगी क्षतिपूर्तीचा. मध्य प्रदेशात जकात 1976 मध्ये गेली, तिच्या बदल्यात राज्य सरकार ही रक्कम देतं. पण पाणीपुरवठ्याच्या पंपांचं वीजबिल थकलं, तर ते याच रकमेतून परस्पर कापलं जातं. म्हणून वीजबिलाची तरतूद मी कधीच ताणून कमी करत नाही.

आरंभीची शिल्लक कॅशबुकातून तशीच उचलू नका, बँकेच्या पासबुकाशी ताळा घाला. मार्चअखेर घेतलेले कराचे चेक एप्रिलमध्ये परत आलेले मी पाहिले आहेत.

आणि रुजू झाल्यावर एक दिवस वसुलीवाल्यांबरोबर वॉर्डात फिरा. मी फिरलो तेव्हा रजिस्टरमधली दोन घरं प्रत्यक्षात एकच निघाली: भावांनी वाटणी मोडून मधली भिंत पाडली होती, आणि मागणी मात्र दोन नावांनी निघत होती.