छोट्या लेथवर एंडमिल धरायची कशी (ड्रिल चकात नव्हे)

ऑक्टोबर छाटणी जवळ आली की तासगाव, कवठेमहांकाळकडून द्राक्षबागेतल्या ब्लोअरचे शाफ्ट यायला लागतात, चावीची (शाफ्टवरचा भाग अडकवणाऱ्या पट्टीची) खाच खाऊन गेलेली, आणि माणूस दारात उभा राहून म्हणतो आजच पाहिजे. मिलिंगवाल्याकडं तेव्हा नंबर लागत नाही. म्हणून मी कुपवाडच्या शेडात लहान लेथच्या क्रॉस स्लाइडवर (आडवी सरकणारी बैठक) व्हर्टिकल स्लाइड (वर-खाली सरकणारी) बसवतो, शाफ्ट तिथं आणि एंडमिल, म्हणजे टोकानं आणि कडेनंही कापणारा कटर, स्पिंडलात (लेथच्या फिरणाऱ्या पोकळ दांड्यात), जुन्या खाचेच्या समोरच्या बाजूला नवी खाच मारून देतो.

आता कटर धरायचा कशात? निम्म्या व्हिडिओत एंडमिल ड्रिल चकात धरून दाखवतात. अजिबात ऐकू नका. ड्रिल मारताना जोर मागं ढकलतो, टेपर (चक स्पिंडलात बसतो तो निमुळता भाग) उलट घट्ट बसतो. एंडमिलला जोर बाजूनं येतो, तोही दात आपटत आपटत, त्यात टेपर सुटतो. शिवाय शँक (कटरची धरायची दांडी) कडक असते, चकाचे तीन जबडे ती तीन रेषांवरच धरतात, आणि नेहमीचा उजव्या पिळाचा कटर स्क्रूसारखा स्वतःला जॉबकडं ओढतो. माझा पहिला २५ मिमीचा शाफ्ट असाच गेला. ८ ची चावी, खोली ४ मिमी पाहिजे, सुरुवातीला बरोबर ४ आणि शेवटाला साडेपाच. कॅरेजचा (क्रॉस स्लाइड वाहणारा, बेडवर सरकणारा भाग) लॉक तपासला, डायलला शिव्या घातल्या, आणि मग दिसलं की कटरच दीड मिमी बाहेर सरकलाय. तीन जॉ चक थोडा बरा, पण खाचेच्या कामाला तोही नको.

घ्यायचं काय तर स्पिंडलच्या टेपरात बसणारा कॉलेट (कटर चहूबाजूंनी आवळणारी चिरलेली नळी), किंवा मोर्स टेपर (ठरलेल्या मापाचा टेपर, नंबर म्हणजे आकार) शँकचा ईआर कॉलेट चक, त्यात कॉलेट पुढच्या नटानं आवळतो. माझ्या स्पिंडलला मोर्स ३ आहे, मी ईआर २५ वापरतो, कारण कटर पुढूनच बदलता येतो. साधा कॉलेट स्वस्त आणि बाहेर कमी येतो, पण प्रत्येक वेळी ठोकून काढायचा.

खरी गोम ड्रॉबारमध्ये आहे, म्हणजे स्पिंडलच्या मागून जाऊन होल्डर ओढून धरणारा रॉड. "मोर्स टेपर आपोआप धरतो, रॉड कशाला" असं सांगणारे ड्रिलिंगपुरते खरे आहेत, मिलिंगला रॉड पाहिजेच. आणि तो करताना मी दोनदा फसलोय. पहिल्यांदा आटे. मोर्स ३ च्या होल्डरला मागं बऱ्याचदा एम १२ (१२ मिमीचे मेट्रिक) असतात, पण जुन्या मालात चार सुती (अर्धा इंची) व्हिटवर्थ, म्हणजे जुने इंची आटे, निघतात. त्यात एम १२ चा रॉड दोनेक आटे जातो, मग अडकतो, तुम्हाला वाटतं आवळला, आणि लोड आला की आट्यांचा भुगा. रॉड हातानं फिरवून फेरे मोजा. एम १२ चा पिच (एका फेऱ्यात जाणारं अंतर) पावणेदोन मिमी, आठ फेरे गेले तर १४ मिमी आत, तेवढं पाहिजेच. दुसऱ्यांदा मागचं टोक. नुसता वॉशर टाकून नट आवळला होता, रॉड मध्यभागी राहिना, शेड थरथरायला लागली. स्पिंडलच्या भोकात बसणारा पायरीचा बुश टर्न करा, दहा मिनिटांचं काम आहे. रॉड मागं बोटभरच बाहेर ठेवा, लांब शेपूट फिरताना वाकतं आणि बाही पकडतं. टोकाला दोन नट एकमेकांवर आवळून ठेवले की पाना लावायला जागा मिळते. पाना काढल्याशिवाय स्विचला हात नाही.

टेपर कोरडा आणि साफ. जुन्या बनियनच्या तुकड्यानं आतून पुसा, मग बोट फिरवा. चिपचा एक कण असला तरी कटर हलत फिरतो. शंका आली तर होल्डरवर मार्करनं तीन उभ्या रेषा ओढून बसवा, किंचित पिळून काढा. रेषा सगळीकडं सारख्या पुसल्या तर ठीक, एका टोकालाच पुसल्या तर टेपर खराब किंवा घाण आहे. रॉडचा नट नेटका आवळा, पान्याला पाइप लावून नाही.

बाकी सोपं. ईआर कॉलेट आधी नटात टक् करून बसवा, मग चकाला. कटर शक्य तेवढा आत. १० मिमीच्या एचएसएस (हाय स्पीड स्टील) कटरला माइल्ड स्टीलमध्ये आठशेच्या आसपास आरपीएम. खाच अर्धा अर्धा मिमी घेत. कडेनं कापताना जॉब दाताच्या उलट सरकवा, क्रॉस स्लाइडला प्ले असतो, दाताबरोबर नेलात तर कटरच जॉब ओढून नेईल. चष्मा लावा.

होल्डर काढताना रॉडचा नट दोन फेरे सैल करायचा, रॉड आट्यात तसाच ठेवून मागून पितळी हातोड्यानं टिचकी, पुढून दुसऱ्या हातानं होल्डर धरलेला, नाहीतर तो बेडवर पडतो. लहान लेथच्या बेअरिंगला घणाचे घाव झेपत नाहीत. आणि तापलेल्या स्पिंडलात गार होल्डर ताणून रात्रभर ठेवू नका, स्पिंडल गार होताना आकसतो आणि सकाळी टिचकीनं काही निघत नाही. शटर ओढायच्या आधी टेपर सोडवून ठेवा.