घरापुढच्या वाफ्यात बुटका पांढरा गुलाब : माझी पद्धत

आमच्याकडे पुण्यात गेटपासून जिन्यापर्यंत कंपाउंडच्या भिंतीला लागून एक दहा बाय तीन फुटांचा पट्टा आहे, तिथे आधी जास्वंद, मग काही दिवस कोथिंबीर, मग नुसतं गवत असं सगळं होऊन गेलं. आता तिथे नऊ पांढरे गुलाब आहेत आणि डिसेंबरात येणारा जाणारा थांबून बघतो. लोक विचारतात कसं केलं म्हणून, तर एकदाच सगळं लिहून टाकते.

आधी झाड कुठलं घ्यायचं ते बघा, कारण ९० टक्के घोळ इथेच होतो. वाफ्यासाठी ते लांब दांड्याचं एकेक मोठं फूल येणारे गुलाब नकोत, ते एकटे छान दिसतात पण वाफ्यात मधूनच काठ्या उभ्या केल्यासारखे वाटतात. आपल्याला पाहिजे झुपक्यात फुलणारा, फ्लोरिबंडा. पांढऱ्यात सगळ्यात खात्रीचा आइसबर्ग. जर्मनीतल्या कोर्डेस या गुलाबवाल्यांनी १९५८ साली आणलेली ही जात आहे, इतकी जुनी असून अजून नर्सरीत मिळते यातच काय ते आलं. काटे कमी, झुपके भरपूर आणि छाटत राहिलं तर तीन फुटांच्या आसपास आवरतो. समर स्नो पण चालेल, त्याला तर काटे जवळपास नसतातच, लहान पोरं असतील घरात तर तोच घ्या. पट्टा दीड-दोन फुटांचाच असेल तर मात्र या दोघांच्या नादी लागू नका, सरळ पांढरा बटण गुलाब घ्या, तो गुडघ्याच्या वर जात नाही आणि एक एक फुटावर लावता येतो.

आणि सगळी झाडं एकाच जातीची, एकाच नर्सरीतून, एकाच दिवशी घ्या. मी पहिल्या वर्षी इथून चार तिथून पाच अशी आणली, "व्हाइट आहे ना?" "हो ताई व्हाइटच." फुलली तेव्हा दोन लिंबाच्या रंगाची निघाली आणि एक तर वेल निघाला, आइसबर्गचाच पण चढणारा प्रकार, तो भिंतीवरून शेजारी गेला. म्हणून फूल उघडलेलं असेल असंच झाड उचलायचं. सोलापूर रोडला उरुळी कांचनच्या बाजूला नर्सऱ्यांची रांगच आहे, सकाळी लवकर गेलात तर निवडायला मिळतं.

जागा म्हणजे ऊन. पाच-सहा तास थेट ऊन पाहिजेच, सकाळचं असेल तर उत्तम. आंब्याखाली, सज्जाखाली गुलाब लावून मग खतं घालत बसू नका, खताने सावली जात नाही.

वाफा मी मे महिन्यात खणला. दीड फूट खोल खणून माती तशीच उन्हात तापू दिली, पंधरा-वीस दिवस, त्याने हुमणी वगैरे बरीच जाते. आमची माती काळी, पाणी धरून ठेवणारी, गुलाबाला ते अजिबात आवडत नाही, मुळं कुजतात. म्हणून एक घमेलं आमची माती, एक घमेलं लाल पोयटा, एक घमेलं जुनं शेणखत असं मिसळून भरलं आणि वाफा जमिनीपेक्षा सहा इंच उंच केला, कडेला विटा तिरक्या लावल्या. शेणखत जुनंच पाहिजे बरं का, हातात घेतल्यावर चहापत्तीसारखं मोकळं आणि वास न येणारं. ताजं घातलं तर वाळवी आणि तण दोन्हीला आमंत्रण.

लागवड पावसाचा जोर ओसरल्यावर, सप्टेंबर अखेर ते नोव्हेंबर. नऊ झाडं कशी बसवली तर मागे पाच, पुढे चार, दोन झाडांत दोन फूट आणि पुढची झाडं मागच्या दोघांच्या मधल्या जागेसमोर, म्हणजे भरल्यावर माती दिसत नाही. दाटी केली तर पहिल्या वर्षी छान दिसतं, दुसऱ्या वर्षी हवा खेळत नाही आणि रोग धरतो.

आता एक गोष्ट जी कोणी सांगत नाही. नर्सरीच्या पिशवीत झाडाच्या मुळांभोवती लाल चिकणमातीचा गोळा असतो, हुंडी म्हणतात तिला, आणि ती वाळली की विटेसारखी होते. तशीच खड्ड्यात ठेवली तर आपण घातलेलं पाणी तिच्या बाजूने निघून जातं, वाफा ओला आणि झाड तहानलेलं! माझी दोन झाडं अशीच गेली, उपटून बघितलं तर गोळा आतून कोरडा ठणठणीत. आता मी पिशवी कापून हुंडी बादलीत बुडवते, बुडबुडे यायचे थांबेपर्यंत, मग अंगठ्याने बाहेरची माती हळूहळू सैल करते, पूर्ण फोडत नाही, नाहीतर बारीक मुळं तुटतात. खड्ड्यात दोन मुठी निंबोळी पेंड आणि एक मूठ बोनमील (हाडांची भुकटी). खोडावर जिथे डोळा भरलेला, म्हणजे जंगली खुंटावर चांगल्या गुलाबाचं कलम केलेलं असतं ती गाठ मातीच्या दोन इंच वर राहिली पाहिजे. लावल्यावर आळं करून भरपूर पाणी, आणि पहिला महिना-दीड महिना येतील त्या कळ्या खुडायच्या. जिवावर येतं, पण खुडा, झाडाला आधी मूळ धरू दे.

त्या गाठीच्या खालून जो जोमदार, सरळसोट फुटवा येतो तो खुंटाचा, म्हणजे जंगली. तो सिकेटरने (छाटणीच्या कात्रीने) कापू नका, माती बाजूला करून मुळापासून ओढून काढा, कापला तर दोनाचे चार होतात. सात पानांची डहाळी म्हणजे जंगली असं जे सांगतात ते खरं नाही, चांगल्या गुलाबालाही सात पानं येतात. पानं मोजू नका, फुटवा कुठून निघालाय ते बघा. माझ्या मावशींनी पानं मोजून मोजून चांगल्या झाडाचा पार सांगाडा केला होता.

पाणी थंडीत दिवसाआड, उन्हाळ्यात रोज, सकाळी, बुंध्याशी, पानांवर नळी मारायची नाही. वर दोन इंच पालापाचोळा किंवा उसाचं पाचट पसरलं की निम्मं पाणी वाचल्यासारखं वाटतं. बोअरचं जड पाणी असेल तर कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या असं दिसायला लागतं, ती लोहाची कमतरता, चिलेटेड फेरस मिळतं ते पाकिटावर लिहिलंय तेवढंच द्या.

खताला मी शेंगदाणा पेंड वापरते, चार-पाच दिवस भिजवून, दहापट पाणी घालून, पंधरा दिवसांनी एकदा झाडाला एक मग. वास भयंकर येतो, पाहुणे यायच्या दिवशी करू नका. पेंड जमत नसेल तर एकोणीस-एकोणीस-एकोणीस (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं पाण्यात विरघळणारं खत) लिटरला दोन ग्रॅम. चहाचा चोथा घालणार असाल तर धुऊन घाला, साखरेने मुंग्या येतात आणि मुंग्यांमागून मावा.

आता छाटणी. आपल्याकडे मोठी छाटणी पाऊस संपल्यावर, ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात. पुढे साधारण सहा-सात आठवड्यांनी पहिला बहर, म्हणजे नोव्हेंबर अखेर. दिवाळीला फुलं पाहिजेत म्हणून सप्टेंबरात भर पावसात छाटू नका, कापलेल्या टोकातून काळी मर उतरते, म्हणजे फांदी टोकापासून खाली काळी पडून वाळत जाते. आइसबर्गला फार खाली कापलेलं सोसत नाही, मी वरचा तिसरा हिस्सा, फार तर निम्मं काढते. वाळक्या, एकमेकांवर घासणाऱ्या, काडीसारख्या बारीक फांद्या पूर्ण बाद, चार-पाच दणकट ठेवायच्या. बाहेरच्या बाजूला तोंड असलेला डोळा बघायचा आणि त्याच्या पाव इंच वर तिरका काप. कापावर बुरशी धरू नये म्हणून बोर्डो पेस्ट किंवा कॉपर ऑक्सिक्लोराइड पाण्यात कालवून ब्रशने लावा. नऊच्या नऊ झाडांची उंची एका रेषेत आली पाहिजे, मी दोन टोकांना दोरी बांधते, घरचे हसतात, हसू दे.

मग रोजची दहा मिनिटं. पांढऱ्या गुलाबाचं खरं काम इथे आहे. लाल गुलाब सुकला तरी काळपट लाल दिसतो, खपून जातो, पांढरा सुकला की वापरलेल्या टिश्यूपेपरसारखा दिसतो आणि एक तसं फूल सगळ्या वाफ्याची शोभा घालवतं. झुपक्यात मधली कळी सगळ्यात आधी उमलते आणि आधी सुकते, ती मोहरीपेक्षा जरा मोठी असतानाच नखाने खुडली तर बाकीच्या सगळ्या एकदम फुलतात. झुपका संपला की नुसती फुलं ओरबाडू नका, खाली पाच पानांची पहिली तगडी डहाळी असते तिच्या वर काप घ्या. आमच्याकडे सासूबाई रोज सकाळी देवाला फुलं काढतात, पण त्या दांडा न ठेवता नुसतं डोकं तोडायच्या, तिथे मग बोडका देठ वाळत राहायचा. आता त्यांनाच सिकेटर दिलाय, माझं निम्मं काम झालं.

रोगकिडी. पाकळ्यांच्या कडा तपकिरी आणि कळी उघडतच नाही असं दिसलं तर फूल पांढऱ्या कागदावर झटका, बारीक रेघांसारखे किडे पळतील, ते फुलकिडे, पांढऱ्यावर ते जरा जास्तच प्रेम करतात. खराब कळ्या काढून पिशवीत बंद करून टाका आणि संध्याकाळी नीमतेल, लिटरला पाच मिली, दोन थेंब लिक्विड साबण घालून, आठवड्याने परत. थंडीत कोवळ्या पानांवर पिठासारखी भुरी येते, पाण्यात विरघळणारं गंधक लिटरला दोन ग्रॅम, पण कडक उन्हात मारू नका, पानं भाजतात. पावसात काळे ठिपके पडून पानं गळतातच, गळलेली रोज उचला, फार झालं तर मॅन्कोझेब हे बुरशीनाशक. पाकळ्यांवर हलकी गुलाबी झाक मात्र रोग नाही, थंडीत आइसबर्गला येते. मी पहिल्यांदा बघून फवारा मारून मोकळी झाले होते. जुलै-ऑगस्टमध्ये फुलांची अपेक्षाच ठेवू नका, कळ्या कुजतात, खुडून टाका.

ऑक्टोबरच्या छाटणीतल्या पेन्सिलीएवढ्या काड्या फेकू नका. सहा-सात इंचाचे तुकडे करून, खालची पानं काढून, वाळू आणि कोकोपीटमध्ये सावलीत खोचा, आइसबर्ग काडीवर बऱ्यापैकी लागतो आणि त्याला खुंटाची भानगड नाही. मागच्या वर्षी माझ्या बारातल्या पाच लागल्या, एक शेजारच्या काकूंना दिली. त्यांनी ती आंब्याखाली लावली आणि आता रोज विचारतात, आमच्याकडे फुलं का येत नाहीत गं?