सर्फ टोनसाठी गिटार अँपचा स्पीकर कसा निवडायचा (पुण्यात समुद्र नसला तरी)

पुण्यात समुद्र नाही, खडकवासल्याला आपण चौपाटी म्हणतो तेवढीच काय ती आपली लाट, तरी सर्फ म्युझिक (साठच्या दशकातलं कॅलिफोर्नियाचं गिटारवरचं संगीत) वाजवायचा नाद इथे लागतो लोकांना आणि मलाही लागलाय. मग ओळखीतलं कोणी ना कोणी विचारतंच, की गिटार बरी आहे, रिव्हर्ब (आवाजाला घुमारा देणारा इफेक्ट) फुल केलाय, तरी तो ओला आवाज का येत नाही राव. मी विचारतो अँपमध्ये स्पीकर कुठला आहे, तर समोरचा गप्प. पेडलवर पेडल घेतात पण मागे वाकून स्पीकरचं स्टिकर वाचत नाहीत. तर आधी ते वाचा, मग पुढचं.

सर्फच्या आवाजात स्पीकरकडून नक्की काय पाहिजे ते आधी समजून घ्या, नाहीतर दुकानदार जे हातात देईल ते घेऊन याल. एक म्हणजे डबल पिकिंग, पिक वर-खाली दोन्हीकडून भराभर मारणं. ढोल-ताशात ताशाची तर्री असते ना, काड्या इतक्या जोरात पडतात तरी प्रत्येक ठोका वेगळा ऐकू येतो, अगदी तसंच इथे जाड तारेवर पिक चालतं आणि प्रत्येक फटका सुटा यायला पाहिजे. दुसरं, खालच्या तारांवर पाम म्यूट करून, म्हणजे तळहाताची कड तारांवर टेकवून, वाजवलेल्या ओळी, त्या घट्ट यायला पाहिजेत, घुमता कामा नये. आणि तिसरं म्हणजे ड्रिप, रिव्हर्बच्या स्प्रिंगला पिकचा झटका बसला की जो टप् असा आवाज येतो तो, जुन्या न्हाणीघरातल्या पितळी घंगाळात नळाचा थेंब पडावा तसा. या तिन्ही गोष्टींचा शत्रू एकच, आवाज फाटणं, म्हणजे ब्रेकअप. रॉक-ब्लूजवाले स्पीकर थोडा फाटावा म्हणून मुद्दाम कमी वॉटचा घेतात, आपल्याला बरोबर उलटं करायचंय. ज्या स्पीकरचं नेटवर "काय गोड ब्रेकअप आहे" म्हणून कौतुक चाललंय तो सर्फसाठी सोडून द्या.

हे मी मनानं सांगत नाहीये, या संगीताचा इतिहासच तसा आहे. १९६१ च्या सुमारास कॅलिफोर्नियात बाल्बोआच्या रॉन्देव्हू बॉलरूममध्ये सर्फ गिटारवाला डिक डेल वाजवायचा, हॉल गच्च भरलेला, आणि हा डावखुरा माणूस उलट्या लावलेल्या जाडजूड तारांवर इतक्या जोरात वाजवायचा की गिटार-अँप बनवणाऱ्या लिओ फेंडरचे अँप आणि स्पीकर एकामागून एक उडत होते. शेवटी फेंडर आणि त्याचा सहकारी फ्रेडी टव्हारेस यांनी प्रत्यक्ष जाऊन ऐकलं आणि त्यातून शोमन अँप आला, ८५ वॉटच्या आसपासचा, आणि त्याच्याखाली जेबीएल कंपनीचा १५ इंची स्पीकर डी१३०एफ. यातला एफ म्हणजे फेंडर. मूळ डी१३० हा घरात रेकॉर्ड ऐकण्यासाठी वगैरे वापरायचा हाय-फाय वंशातला स्पीकर, त्याची गिटारसाठी केलेली आवृत्ती म्हणजे हा. व्हॉइस कॉइल (स्पीकरचा पडदा हलवणारी तारेची गुंडाळी) तब्बल ४ इंचाची, साध्या गिटार स्पीकरची दीड-दोन इंचाची असते, आणि मधे अॅल्युमिनियमची चकचकीत टोपी. मोठी कॉइल उष्णता सहन करते, टोपीमुळे वरचा आवाज खणखणीत निघतो, आणि म्हणून जोरात वाजवूनही स्वर सुटे राहतात. १२ इंचातला त्याचा भाऊ म्हणजे डी१२०एफ, तो फेंडरच्याच ट्विन रिव्हर्ब अँपमध्ये जास्तीचे पैसे देऊन मिळायचा.

आता हे जेबीएल इथे शोधत बसू नका. मिळाले तरी बरेचसे रिकोन केलेले, म्हणजे कोन (स्पीकरचा कागदी पडदा) नवा बसवलेले असतात, आणि नीट काम केलेलं आहे का ते फोटोवरून कळत नाही.

मग घ्यायचं काय? पहिला आकडा वॉट. सर्फसाठी माझा नियम असा की अँप जेवढ्या वॉटचा त्याच्या कमीत कमी दुप्पट स्पीकर, आणि परवडत असेल तर चौपट. फेंडरच्या २२ वॉटच्या डिलक्स रिव्हर्ब अँपला १०० वॉटचा स्पीकर लावला तर काय बिघडतं? काहीच नाही. लोकांना वाटतं की मोठ्या वॉटचा स्पीकर लहान अँपला "हलत नाही", ते तसं नसतं, वॉट म्हणजे स्पीकर किती सहन करू शकतो तो आकडा आहे, किती मागतो तो नाही.

किती जोरात वाजणार ते सांगणारा आकडा वेगळा, सेन्सिटिव्हिटी, डीबीमध्ये लिहिलेला असतो आणि तो कोणी बघतच नाही. ९७ डीबीचा स्पीकर काढून १०० डीबीचा लावला तर ३ डीबी वाढले, म्हणजे अँपची ताकद दुप्पट केल्यासारखं झालं, फुकटात. सर्फला हे फार कामाचं आहे कारण ड्रमर जोरात वाजवणारच, त्याशिवाय मजा नाही, आणि मग तुम्ही व्हॉल्यूम ७ वर नेता आणि अँपच फाटायला लागतो, तिथे स्पीकर कितीही भारी असला तरी उपयोग नाही. सेन्सिटिव्ह स्पीकर असेल तर तेच काम कमी व्हॉल्यूमवर होतं आणि अँप स्वच्छ राहतो. फक्त घरी, सोसायटीत वाजवणार असाल तर मात्र उलट विचार करा, खालच्या मजल्यावरच्या काकूंना सेन्सिटिव्हिटी समजावून सांगता येत नाही.

तिसरा आकडा रेझोनन्स, म्हणजे कोन स्वतःहून ज्या कंपनाला सगळ्यात जास्त हलतो तो, हर्ट्झमध्ये. गिटारची सगळ्यात खालची ई तार साधारण ८२ हर्ट्झची. बऱ्याच गिटार स्पीकरना ७५ आणि ५५ अशा दोन प्रकारांत देतात, ५५ वाल्यात खालचा भाग जास्त भरतो. पाम म्यूटच्या ओळी घट्ट पाहिजेत म्हणून मी ७५ कडे झुकतो, पण हा बारीक मुद्दा आहे, यावर झोप उडवू नका.

साइजचं सांगतो, यात मी स्वतः पैसे घालवलेत. "ओरिजिनल सर्फ म्हणजे १५ इंच" हे वाचून मी तापकीर गल्लीत गेलो आणि १५ इंची पीए वूफर घेऊन आलो, गणपतीत मंडपाबाहेर लागतात तसला, ३०० वॉट लिहिलेलं, स्वस्तात मिळाला म्हणून खूश. घरी लावला आणि आवाज असा की कोणीतरी अँपवर गोधडी टाकलीये. दुकानदाराची काही चूक नाही, मी जे मागितलं ते त्यानं दिलं. पीए वूफरचा कोन जड असतो, त्याचं काम खालचा आवाज काढणं, वरचा आवाज हॉर्न काढतो. गिटारला हॉर्न नसतो, आपल्याला ४-५ किलोहर्ट्झपर्यंतचं सगळं एकाच कोनातून पाहिजे, आणि ड्रिपला तर वरचा आवाज लागतोच. डी१३०एफ १५ इंची असूनही वर चमकायचा कारण त्याचा कोन हलका होता आणि टोपी धातूची होती. तेव्हा १५ इंच घ्यायचाच असेल तर गिटारसाठीच बनवलेला घ्या, एमिनन्सचा लेजंड १५१८ आहे १५० वॉटचा, किंवा वेबरचा कॅलिफोर्निया, जो जेबीएल डोळ्यासमोर ठेवूनच बनवलाय आणि अॅल्युमिनियमच्या टोपीत मिळतो. पण खरं सांगू का, जॅमपॅडमध्ये (सरावाच्या खोलीत) आणि छोट्या गिगला १२ इंच पुरतो, आणि तो अॅक्टिव्हावर पायाशी ठेवून नेता येतो.

१२ इंचात माझी पहिली पसंती जेन्सन सी१२के, १०० वॉट. फेंडरच्या हल्लीच्या '६५ ट्विन आणि डिलक्स रिव्हर्बच्या रीइश्यूमध्ये हाच येतो, त्यामुळे तुमच्याकडे तो अँप असेल तर काहीच बदलू नका, पैसे वाचवा आणि चांगला स्प्रिंग रिव्हर्ब घ्या. सी१२एन हा ५० वॉटचा, साठच्या दशकातल्या फेंडरमधल्या स्पीकरचा वारसदार, वरून मस्त चमकतो पण ब्रिज पिकअपवर कधीकधी कानात सुई टोचते, लहान अँपला ठीक. वजन नको असेल तर जेन्सनचाच टॉर्नेडो, निओ (निओडिमियम) मॅग्नेटचा, १०० वॉट, लिफ्ट नसलेल्या तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्यांनी हाच घ्यावा. इलेक्ट्रो-व्हॉइस ईव्हीएम१२एल म्हणजे २०० वॉटचा रणगाडा, फाटायचं नावच घेत नाही, आवाज जेबीएलच्या कुळाच्या जवळ जातो पण एकटा स्पीकरच आठएक किलो भरतो, कंबर तुमची. सेलेशनचा ग्रीनबॅक २५ वॉटचा, त्याचं कामच लवकर आणि गोड फाटणं, व्हिंटेज ३० चे मिड्स नाकात बोलतात, दोन्ही उत्तम स्पीकर आहेत पण दुसऱ्या गावचे. एमिनन्सचा कॅनाबिस रेक्स, भांगेच्या धाग्याचा कोन, नाव ऐकून सगळे हसतात, आवाज गुळगुळीत आणि मऊ, जॅझला सुंदर, ड्रिप मात्र खाऊन टाकतो.

मॅग्नेटवरून जी भांडणं होतात, अल्निको की सिरॅमिक की निओ, त्यात पडू नका. अल्निको जोरात वाजवल्यावर थोडा दबतो म्हणतात, पण ४ इंची कॉइलचा डी१३०एफ अल्निकोच होता आणि तो काही दबला नाही. मॅग्नेटच्या जातीपेक्षा स्पीकरची पूर्ण रचना बघा.

ओहमचं (स्पीकरच्या विद्युत रोधाचा आकडा) मात्र नीट वाचा, इथे अँप जळतो. अँपच्या मागे ८ लिहिलंय तर ८ चाच स्पीकर. दोन ८ वाले पॅरललमध्ये लावले की ४ होतात, सिरीजमध्ये १६. ट्विनसारख्या दोन स्पीकरच्या अँपमध्ये ८-८ पॅरलल असतात, म्हणून तिथे एक बदलताना पण ८ चाच आणायचा. सॉलिड स्टेट (ट्रान्झिस्टरवाल्या) अँपला लिहिलेल्यापेक्षा कमी ओहम लावू नका, जास्त लावला तर फक्त आवाज कमी होईल. व्हॉल्व्ह अँपला जुळवूनच लावा आणि स्पीकर न जोडता तो कधीही चालू करू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो आणि तो परत गुंडाळून घेणं म्हणजे वेगळीच वारी. आणि बाहेरच्या कॅबिनेटला जोडायला स्पीकर केबल वापरा, गिटारची केबल नाही, दिसायला सारखी असली तरी.

सेकंडहँड घेताना मल्टिमीटर बरोबर न्या. ८ ओहमचा स्पीकर मीटरवर ८ दाखवत नाही, ६ ते ७ च्या मधे दाखवतो, ते बरोबर आहे, घाबरू नका. १६ वाला १२-१३ दाखवेल. काहीच दाखवलं नाही तर कॉइल तुटलीये. मग स्पीकर आडवा ठेवून दोन्ही अंगठ्यांनी कोन मधोमध हलकेच सरळ खाली दाबा, खरखर लागली तर कॉइल घासतीये, दहा मिनिटं घासाघीस करण्यापेक्षा सरळ नमस्कार करून निघा. कोनला बारीक चीर असेल तर मात्र सोडू नका, टिश्यू पेपर आणि पातळ फेविकॉलनं ती वर्षानुवर्ष टिकते आणि त्या निमित्तानं भाव पण पाडता येतो. शेवटी ९ व्होल्टची बॅटरी क्षणभर टेकवून बघा, प्लसला प्लस लावलं की कोन बाहेर यायला पाहिजे. जुन्या जेबीएलचा उलटा आत जातो, तो बिघाड नाही, त्यांची पद्धतच तशी होती, पण असा स्पीकर दुसऱ्या कंपनीच्या स्पीकरबरोबर एका कॅबिनेटमध्ये लावलात तर वायरी उलट्या जोडा, नाहीतर एक ढकलतो आणि दुसरा ओढतो आणि बेस गायब.

कॅबिनेटबद्दल थोडंच. उघड्या पाठीच्या कॅबिनेटमध्ये आवाज खोलीभर पसरतो पण खालचा भाग पोकळ होतो, बंद पाठीत पाम म्यूट घट्ट येतो, शोमनची कॅबिनेट बंदच होती. तुमचा कॉम्बो (अँप आणि स्पीकर एकाच पेटीत) उघडा असेल तर टिंबर मार्केटमधून १२ मिलिमीटर प्लायचा तुकडा कापून आणा आणि पाठीचा अर्धाअधिक भाग झाकून बघा, व्हॉल्व्ह अँप असेल तर हवा जायला वर जागा सोडा, खर्च किरकोळ आणि फरक लगेच कळतो. नवीन कॅबिनेट बनवून घेणार असाल तर एमडीएफ नको, पुण्याच्या एका पावसाळ्यात कडा फुगतात. बसवताना स्क्रू समोरासमोरचे थोडे थोडे आवळत जा, एकच पूर्ण आवळला तर स्पीकरची फ्रेम वाकते आणि नवीन कॉइल घासायला लागते, हे पण मी करून झालंय.

नवीन स्पीकर पहिले काही तास कडक आणि टोचरा वाजतो, लगेच विकायला काढू नका, आठवडाभर वाजवा. आणि ऐकताना अँपच्या डोक्यावर उभं राहून ऐकू नका, १२ इंची स्पीकरचा वरचा आवाज टॉर्चसारखा सरळ पुढे जातो, तुमच्या गुडघ्यांना ड्रिप ऐकू येतो आणि तुम्ही ट्रेबल वाढवत बसता, पुढच्या रांगेतला माणूस कानावर हात ठेवतो. अँप मागे कलता ठेवा नाहीतर लाकडी स्टुलावर. प्लास्टिकच्या खुर्चीवर ठेवू नका, खालची ई वाजवली की ती खुर्ची स्वतःच वाजायला लागते आणि तुम्ही अर्धा तास स्पीकर फाटलाय समजून शोधत बसता.