झाडपाल्याच्या औषधानं साखर खरंच उतरतेय का, हे कसं तपासावं

मेथी किंवा गुडमार सुरू केलं आणि साखर उतरली, एवढ्यावरून औषध लागू पडलं असं होत नाही. बहुतेकजण साखर चढल्यावरच असा उपाय धरतात, आणि चढलेली साखर पुष्कळदा आपली आपणही थोडी खाली येते. त्याच आठवड्यात खाणं आवरलेलं असतं, चालणं वाढलेलं असतं. श्रेय मात्र चूर्णाला जातं. झाडपाल्यात गुण नसतो असं नाही. मधुमेहावरच्या मेटफॉर्मिन या गोळीचं मूळही गॅलेगा या वनस्पतीतल्या द्रव्यातच आहे. म्हणून तर तपासणी नीट व्हायला हवी.

चालू गोळ्या किंवा इन्सुलिन बंद करून हा प्रयोग कधीही करू नका. टाइप १ मधुमेहात इन्सुलिन थांबलं की कीटोॲसिडोसिसनं, म्हणजे रक्तात आम्ल साठून, जीव जाऊ शकतो. गरोदरपणात, मूत्रपिंड किंवा यकृताच्या आजारात हा नादच नको. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा; दोन्हींचा जोर मिळून साखर एकदम खाली जाऊ शकते. ७० च्या खाली गेली तर लगेच १५ ग्रॅम ग्लुकोज घ्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा मोजा.

सुरुवातीला एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारी रक्ततपासणी), क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी) आणि यकृताची तपासणी करून घ्या. मग दोन आठवडे नवीन काहीच न घेता फक्त मोजा: आठवड्यातून तीन दिवस उपाशीपोटी, दोन दिवस जेवणाचा पहिला घास घेतल्यापासून बरोबर दोन तासांनी. हात धुऊन कोरडे करा. बोटाला फळाचा रस लागलेला असेल तर आकडा भलताच चढतो. बोट ओलं असेल तर रक्त पातळ होऊन तो उतरतो. पट्ट्यांच्या डबीचं झाकण लगेच लावा, दमट हवेनं पट्ट्या बिघडतात. शिवाय चांगल्या ग्लुकोमीटरमध्येही १५ टक्क्यांचा फरक चालतो, म्हणजे खरी साखर १५० असताना १३० किंवा १७० दिसू शकते. म्हणून एका आकड्यावर जाऊ नका, सरासरी काढा.

आता एकच वनस्पती, एकच मात्रा, रोज ठरलेल्या वेळी, १२ आठवडे. मिश्रण नको, कशानं काय झालं ते कळत नाही. गुडमारच्या पानांची चिमूटभर पूड जिभेवर मिनिटभर चोळून वर साखर ठेवा. गोडी लागत नाही, वाळूसारखी कचकच लागते. यावरून माल खरा आहे एवढंच कळतं, रक्तातली साखर उतरेल असं नाही. मेथीतला तंतू साखर शोषली जाण्याचा वेग कमी करतो, त्यामुळे तिचा परिणाम जेवणानंतरच्या आकड्यात शोधा.

तयार चूर्णानं दोन-चार दिवसांतच साखर धाडकन उतरली तर खूश होऊ नका. अशा चूर्णांत ग्लिबेनक्लामाइडसारखी साखर उतरवणारी गोळी मिसळलेली सापडली आहे. चूर्ण थांबवा आणि डबा डॉक्टरांना दाखवा.

१२ आठवड्यांनी त्याच प्रयोगशाळेत त्याच तपासण्या पुन्हा करा. लाल पेशी साधारण १२० दिवस जगतात, त्यामुळे एचबीए१सी त्याआधी पूर्ण बदललेलं दिसत नाही. ते ०.५ टक्के अंकांपेक्षा (म्हणजे ८.० वरून ७.५) कमी उतरलं असेल तर त्याला गुण म्हणू नका. जास्त उतरलं असेल तर बाकी सगळं तसंच ठेवून वनस्पती चार आठवडे बंद करा आणि मोजत राहा. सरासरी पुन्हा वर सरकली तर श्रेय बहुधा तिचंच. जागेवरच राहिली तर गुण दुसऱ्याच कशाचा तरी होता. दोन्ही वेळा आकड्यांची वही डॉक्टरांपुढे ठेवा, गोळी कमी करायची की नाही ते तेच ठरवतील.