मोबाइल-लॅपटॉप दुरुस्तीच्या टेबलाचं अर्थिंग कसं तपासावं

मल्टिमीटर कंटिन्युइटीवर (जोडणी सलग असली की बीप देणाऱ्या सेटिंगवर) ठेवायचा, एक टोक टेबलावर अंथरलेल्या अँटिस्टॅटिक मॅटला आणि दुसरं अर्थच्या वायरला लावायचं, बीप वाजतो का ऐकायचं. बऱ्याच दुकानांत अर्थिंगची तपासणी इथेच संपते, आणि ती फसवी आहे. सोल्डरिंग आयर्नच्या टोकापासून प्लगच्या अर्थ पिनपर्यंत बीप वाजायलाच हवा. रिस्ट स्ट्रॅपमध्ये, म्हणजे अंग अर्थला जोडणाऱ्या मनगटी पट्ट्यात वाजला, तर मात्र तो स्ट्रॅप बाद. प्रत्येक वस्तूचा रेझिस्टन्स किती असावा हे वेगळं ठरलेलं आहे, त्यामुळे तो आकड्यातच मोजावा लागतो.

अंगावर साठलेल्या स्थिर विजेचा बोटाला चटका जाणवतो तो साधारण ३,००० व्होल्टच्या पुढे. नाजूक चिप १०० व्होल्टच्या आसपासही मरते. म्हणजे ‘मला तर कधी शॉक लागत नाही’ याला काही अर्थ नाही. तुमचा हात, मॅट, आयर्न आणि समोरचा सर्किट बोर्ड हे सगळं एकाच पातळीवर आणणं हे टेबलाच्या अर्थिंगचं काम.

लागणाऱ्या वस्तू: किमान ४० मेगाओहमपर्यंत मोजणारा डिजिटल मल्टिमीटर (२० मेगाओहमवर थांबणारा इथे कमी पडतो), १०० व्होल्टची रेंज असलेला इन्सुलेशन टेस्टर (जास्त व्होल्टेज लावून मोठा रेझिस्टन्स मोजणारा), साडेसहा सेंटिमीटर व्यासाची आणि सव्वादोन किलोची, तळाला वाहक रबर लावलेली दोन वजनं, आणि पाच-सहा मीटर वायर. टेस्टर आणि वजनं फक्त मॅटसाठी लागतात. विकत घेणं परवडत नसेल तर एक दिवस भाड्याने किंवा ओळखीत मिळवा.

आधी सॉकेट

हे एकच मोजमाप चालू विजेवर होतं. मनगटातला स्ट्रॅप काढून ठेवा, मीटर एसी व्होल्टवर लावा, प्रोबचं उघडं धातूचं टोक बोटांपासून लांब धरा. तीन पिनच्या सॉकेटला वरचं मोठं भोक अर्थचं. समोरून पाहताना खाली उजवीकडे फेज, डावीकडे न्यूट्रल. निदान तसं असायला हवं, कारण उलटं जोडलेलं सॉकेट हमखास सापडतं.

फेज आणि न्यूट्रलमध्ये २३०च्या आसपास, फेज आणि अर्थमध्ये जवळपास तेवढंच, न्यूट्रल आणि अर्थमध्ये एक-दोन व्होल्ट. हे आले तर ठीक. न्यूट्रल-अर्थमध्ये चाळीस, साठ, नव्वद असं काहीतरी येऊन आकडा हलत असेल, तर अर्थची वायर कुठेतरी तुटलेली आहे किंवा जोडलेलीच नाही.

खरी फसवणूक शून्य व्होल्टमध्ये असते. अर्थ ओढायचा कंटाळा करून सॉकेटच्या मागेच न्यूट्रल आणि अर्थ एका तुकड्याने जोडून टाकलेले असतात. मीटरला सगळं छान दिसतं. पण न्यूट्रल तुटला की अर्थ पिनेवर २३० व्होल्ट येतात, म्हणजे आयर्नचं टोकही फेजला लागल्यासारखं होतं. ओळखायचं कसं? त्याच लाइनवर इस्त्री किंवा गिझरसारखा मोठा लोड चालू करा. नीट जोडणीत न्यूट्रल-अर्थचा आकडा थोडा तरी वर सरकतो. जोडून टाकलेल्या सॉकेटवर तो शून्याला चिकटून राहतो. तसं दिसलं तर सॉकेट उघडून पाहायचं काम इलेक्ट्रिशियनचं.

फेज आणि अर्थमध्ये शंभरचा बल्ब लावून बघण्याची जुनी पद्धत टाळा. अर्थ पुढे तुटलेला असेल, तर बल्बमधून फेज त्या अर्थवरच्या फ्रिज, मिक्सर, कॉम्प्युटर अशा सगळ्यांच्या धातूच्या अंगावर जातो. आणि आरसीसीबी (अर्थकडे करंट गळला की वीज तोडणारी स्विच) असेल तर ती पडेल, अख्खं दुकान अंधारात.

एक्स्टेन्शन बोर्ड आणि कॉमन पॉइंट

यापुढची सगळी मोजमापं प्लग काढून. मीटर २०० ओहमच्या रेंजवर ठेवा, दोन्ही प्रोब एकमेकांना टेकवा, येणारा आकडा (०.२ ते ०.५) लिहून ठेवा, तो प्रत्येक वेळी वजा करायचा.

एक्स्टेन्शन बोर्डाच्या प्लगची अर्थ पिन आणि बोर्डावरचं प्रत्येक अर्थचं भोक यांत एक ओहमपेक्षा कमी आलं पाहिजे. स्वस्त बोर्डांत सॉकेट तीन पिनचं आणि आत वायर दोनच, हा प्रकार इतका सर्रास आहे की नवा बोर्डही तपासल्याशिवाय टेबलाला लावू नये.

टेबलावर एक पितळी बोल्ट किंवा तयार मिळणारा कॉमन पॉइंट बसवा आणि मॅट, रिस्ट स्ट्रॅप सगळं तिथे वेगवेगळ्या वायरने आणा. एका मॅटवरून दुसरीला अशी साखळी करू नका. पहिलं बटण सैल झालं की पुढचं सगळं सुटतं. त्या बोल्टपासून सॉकेटच्या अर्थपर्यंतही एक ओहमच्या आत.

सोल्डरिंग आयर्न

प्लगच्या अर्थ पिनेपासून आयर्नच्या टोकापर्यंत नव्या आयर्नला दोन ओहमच्या आत यावं, वापरातल्याला दहाच्या आत. जास्त आलं तर टोक बाहेर काढून बुडाशी जमलेली काळी पूड पुसा, पकडणारा नट घट्ट करा. बहुतेक वेळा दोष तिथेच असतो. टोक गरम असताना धातूंच्या सांध्यात स्वतःचंच थोडं व्होल्टेज तयार होतं आणि आकडा चुकतो. म्हणून थंड झाल्यावर मोजा, किंवा प्रोब उलटसुलट लावून दोन्हींची सरासरी घ्या. दोन पिनच्या साध्या आयर्नला अर्थच नसतो, ते सर्किट बोर्डाच्या कामाला नको.

रिस्ट स्ट्रॅप

आधी नुसती कॉर्ड. टिचबटणापासून दुसऱ्या टोकापर्यंत ०.८ ते १.२ मेगाओहम यावं. आत एक मेगाओहमचा रेझिस्टर असतो, तो तुमच्यासाठी: हात चुकून फेजला लागला तरी ०.२३ मिलिअँपिअरपेक्षा जास्त करंट त्या वाटेने जात नाही. कॉर्ड तुटल्यावर साधी वायर जोडून काम चालवणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. मोजताना कॉर्ड दोन्ही टोकांशी वाकवून पाहा. तुटते ती तिथेच, आणि सरळ धरली की पुन्हा जुळते.

मग स्ट्रॅप घालून: एक प्रोब कॉर्डच्या मोकळ्या टोकाला, दुसरा दुसऱ्या हाताच्या चिमटीत घट्ट. ३५ मेगाओहमच्या आत आलं की पास. त्यापलीकडे गेलं तर पट्टा सैल आहे, बाहीवर बांधलाय किंवा कातडी कोरडी पडली आहे. मनगटाला थोडं पाणी लावून पुन्हा मोजा. आकडा खाली आला तर दोष कातडीचा. चालू एसएमपीएस (मेन्सवरचा पॉवर सप्लाय) उघडून काम करायचं असेल, तेव्हा स्ट्रॅप मनगटात नको.

मॅट

इथे साधा मल्टिमीटर निरुपयोगी. प्रोबचं टोक सुईएवढं, आतलं व्होल्टेज तुटपुंजं. चांगली मॅटही ‘ओपन’ दिसते. मॅटवरचं सगळं, विशेषतः बोर्ड, उचलून ठेवा. टेस्टरचं एक टोक कॉमन पॉइंटला, दुसरं मॅटवर ठेवलेल्या वजनाला. १०० व्होल्ट, पंधरा सेकंद थांबा, मग आकडा वाचा. ५०० व्होल्टची रेंज इथे वापरू नका. चार कोपरे आणि मधोमध अशा पाच जागी मोजा, मग दोन्ही वजनं मॅटवर ठेवून त्यांच्यामधलं मोजा. १ मेगाओहम ते १ गिगाओहम यांच्यामध्ये हवं.

सगळीकडे जास्त आलं तर बटण किंवा कॉर्ड बघा. एकाच कोपऱ्यात जास्त आलं तर तिथे फ्लक्सचा किंवा पॉलिशचा थर आहे; सिलिकॉन नसलेल्या मॅट क्लीनरने पुसा, पूर्ण वाळू द्या, पुन्हा मोजा. बाजारातली निळी सिलिकॉनची मॅट बहुतेक वेळा फक्त उष्णता सोसणारी असते. वेष्टनावर ईएसडी (स्थिर विजेपासून संरक्षण अशा अर्थी) छापलेलं असलं तरी आकडा गिगाओहमच्या पार जातो. तिला कितीही अर्थ जोडा, उपयोग नाही.

स्ट्रॅप रोज सकाळी, मॅट आणि आयर्न महिन्यातून एकदा, सॉकेट दर वेळी वायरिंगला हात लागल्यावर तपासा. आकड्याशेजारी त्या दिवशीची आर्द्रताही लिहा. जुलैत पास झालेली मॅट एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत नापास होऊ शकते, म्हणून वर्षातली मोठी तपासणी उन्हाळ्यात ठेवावी.